आधी टायर, मग स्प्रिंग

हौशी शर्यतीसाठी गाडी सजवताना पहिला खर्च बहुधा कडक स्प्रिंगवर होतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ३० अंश तापमानाला ३० पीएसआय हवा भरली आणि काही फेऱ्यांत आतली हवा ६० अंशांवर गेली, की दाब ३४च्या वर चढतो. म्हणजे सकाळी जुळवलेली गाडी दुपारी वेगळीच असते! म्हणून दाब टायर तापल्यावरच मोजावा आणि रबराचं तापमान तीन जागी पाहावं. मधला पट्टा जास्त तापला तर हवा जास्त. दोन्ही कडा तापल्या तर कमी. फक्त बाहेरची कड तापत असेल, तर चाकाचा वरचा भाग आत झुकवावा, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढवावा. हे सगळं जवळपास फुकटात होतं.

‘पण शर्यतीच्या गाड्या तर दगडासारख्या कडक असतात,’ असा आक्षेप येतो. खराच आहे. मात्र अशा बऱ्याच गाड्यांना पंखांमुळे हवेचा दाब खाली रेटतो, आणि तो पेलायला कडक स्प्रिंग लागते. रोजच्या गाडीला तसा दाब मिळत नाही. शिवाय टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे फक्त पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी) जाड केला, तर वळणावर पुढच्या बाहेरच्या चाकावर जादा भार पडतो आणि गाडीचं नाक सहसा बाहेरच पळतं.