भायरसून नवो, आतसून खाल्लेलो!

चतुर्थीत आमच्या मालवणात घर कसं भरून जातं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुंबई-पुण्याची माणसं येतात, खळ्यात गाड्या उभ्या राहतात, आणि आतमध्ये करंज्यांचे घाणे सुरू असतात. त्या वर्षी माझ्या नणंदेचा मुलगा पुण्याहून आला तो लालभडक गाडी घेऊन. बुटकी, रुंद टायरांची, सुरू केली की शेजारपाजारच्यांनी गडग्यावरून डोकावून बघावं अशी.

"मामी, ही साधी गाडी नाही हं. परफॉर्मन्स कार आहे," त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं. गाडी सेकंडहँड होती. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून ती जमिनीलगत खाली बसवली होती. रस्त्याला चिकटून पळते म्हणे. आमच्या पाणंदीतून येताना मात्र तिचं पोट दोन ठिकाणी घासलं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

गौरी-गणपती झाले की सासूबाईंना कोल्हापूरला न्यायचं, अंबाबाईची ओटी भरायची, असा बेत ठरला होता. भाच्याच्याच गाडीतून. कसाल, कणकवली, मग फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरीवरून कोल्हापूर. बाहेर पाऊस संततधार. मागच्या सीटवर सासूबाई आणि माझ्या दोन मुली बसणार होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी मी खळं झाडत होते. भाच्याने गाडी गडग्याला लागू नये म्हणून स्टेअरिंग पूर्ण वळवून लावली होती. त्यामुळे पुढचं चाक तिरकं होऊन बाहेर आलं होतं. एरवी गाडीच्या पोटाखाली लपणारी टायरची आतली कड त्या दिवशी माझ्यासमोर होती. आणि तिथे नक्षीच नव्हती! नुसतं गुळगुळीत रबर. मी हात फिरवला तर बोटाला काहीतरी टोचलं. रबर झिजून आतली तार वर आली होती.

मी आत येऊन सांगितलं, तर भाचा हसला. "अगं मामी, टायर अजून वर्षाचेसुद्धा नाहीत. नक्षी बघ कशी खोल आहे." बाहेरच्या बाजूची नक्षी खरंच खोल होती. आमचे हे म्हणाले, "तू करंज्या बघ." शेवटी सासूबाईच ओट्यावरून म्हणाल्या, "ती सांगता तर बघ मरे एकदा!"

ओळखीच्या मेस्त्रींना घरीच बोलावलं. त्यांनी जॅक लावला, चाक काढून आडवं ठेवलं, दुसरं काढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वयनीनू, भायरसून नवो, आतसून खाल्लेलो! दोनय टायर. ह्या गाडयेन घाट चढूक जाव नुको."

कुणी काही बोललं नाही. भाचा तर बराच वेळ त्या तारेकडे बघत होता.

चप्पल सांगते तेच टायर सांगतो

आपली चप्पल एका बाजूने झिजली की ती दुरुस्त करणारे काका उलटी करून बघतात आणि म्हणतात, "ताई, तुम्ही पाय तिरका टाकता." टायरचं अगदी तसंच असतं. त्याची झीज ही गाडीच्या चालीची नोंद असते. ती वाचता आली पाहिजे, एवढंच. आणि त्यासाठी मेकॅनिक व्हावं लागत नाही.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला असेल, तर हवा कमी ठेवली जाते. मधला पट्टा झिजला, कडा शाबूत, तर हवा जास्त भरली जाते. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकॲब्सॉर्बर थकलेत किंवा बॅलन्सिंग बिघडलंय. आणि एकच कड झिजली असेल, आतली किंवा बाहेरची, तर बहुतेक वेळा अलाइनमेंटचा दोष असतो. म्हणजे चाकं ज्या कोनात उभी असायला हवीत, तशी ती नाहीत.

पुढचे टायर तसेही लवकर झिजतात. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनचं ओझं पुढे, ओढ पुढच्या चाकांवर, वळवायचं काम त्यांचंच आणि ब्रेक दाबला की भारही पुढेच येतो. घरातल्या मोठ्या सुनेसारखं सगळं त्यांच्यावरच!

चाक कसं उभं राहतं?

आरशासमोर उभं राहून पायांकडे बघा. पावलांची बोटं आत वळलेली आहेत की बाहेर? चाकांच्या अशा आत-बाहेर वळण्याला गॅरेजमध्ये 'टो' म्हणतात. आता चाक समोरून बघा. त्याचा माथा आत झुकलाय की बाहेर? तो 'कँबर'. तिसरा 'कॅस्टर'. सायकलचा पुढचा दांडा जसा किंचित मागे कललेला असतो आणि त्यामुळे सायकल सरळ चालते, तसा हा कल. कॅस्टर बिघडला तर टायर सहसा फारसा झिजत नाही, पण गाडी एका बाजूला ओढू लागते. टायर खातात ते मुख्यतः टो आणि कँबर.

त्यातही टो हा मोठा खादाड. चाकाची दिशा फक्त १ अंशाने चुकली, तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे १७ मीटर आडवं घासतं. शंभर किलोमीटरच्या प्रवासात हे घासणं पावणेदोन किलोमीटरच्या घरात जातं. म्हणजे गाडी सरळ पळते आहे असं आपल्याला वाटतं, पण चाक मात्र फरफटत चाललेलं असतं. किसणीवर नारळ धरावा तसं.

शर्यतीतली हौस, रस्त्यावरचा भुर्दंड

मग भाच्याच्या गाडीला झालं काय? वेगवान गाड्यांच्या चाकांचा माथा मुद्दामच किंचित आत झुकवलेला असतो. कारण वेगात वळण घेताना गाडी बाहेरच्या अंगाला कलते. त्या क्षणी बाहेरचं झुकलेलं चाक सरळ होतं आणि टायरचा पूर्ण तळवा रस्त्यावर टेकतो. पकड घट्ट राहते. शर्यतीसाठी हे अगदी योग्य. आमच्या घाटावरच्या कोल्हापुरात रेसिंगचं वेड चांगलंच आहे, तिथला कृष्णराज महाडिक तर ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्री शर्यतींत उतरला. पण शर्यतीत वळणं एकामागून एक येतात, टायर वरचेवर बदलले जातात आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ते बारकाईने तपासतं. आपण मात्र महामार्गावरून तासन् तास सरळ जातो. मग सगळा भार त्या आतल्या कडेवर.

त्यात गाडी खाली बसवली, की कँबर आणखी आत झुकतो आणि टोही सरकतो. स्प्रिंगा बदलल्या की अलाइनमेंट नव्याने करायलाच हवं. आधीच्या मालकाने ते केलं होतं की नाही, हे भाच्याने विचारलंच नव्हतं. टायर रुंद असल्यामुळे आतली कड बाहेरून दिसणंही कठीण. बाहेरून नक्षी खोल, म्हणून तो निर्धास्त.

अशा गाड्यांची आणखी एक अडचण. साध्या गाडीचे टायर पुढचे मागे, मागचे पुढे असे फिरवता येतात, म्हणजे झीज वाटली जाते. पण काही वेगवान गाड्यांचे पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात. काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तर काहींवर कुठली बाजू बाहेर ठेवायची ते छापलेलं असतं. ते न बघता उलटसुलट लावून चालत नाही.

आपले रस्ते, आपली खारी हवा

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली आलीय परफॉर्मन्स कार? खरं आहे. पण हाच आजार आपल्या साध्या गाडीलाही होतो. आपल्याकडचे रस्ते आठवा. अरुंद डांबरी, समोरून डंपर किंवा एसटी आली की एक चाक साइडपट्टीवर उतरवायचं आणि डांबराच्या धारदार कडेवरून पुन्हा वर चढवायचं. पावसात पाण्याने भरलेले खड्डे. एक जोरदार आपट बसली तरी टो सरकू शकतो. घाटातल्या वळणांवर पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा झिजतात ते वेगळंच. भरीला समुद्राची खारी हवा. अलाइनमेंट करताना स्टेअरिंगच्या ज्या दांड्याचा नट फिरवावा लागतो, तो गंजून घट्ट बसतो.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते माझं मलाच. मी स्वतः सहा वर्षं गाडी चालवतेय. दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीचे पुढचे दोन टायर लवकर गेले, तेव्हा दुकानदाराने 'बदला' म्हटलं आणि आम्ही बदलले. ते का गेले, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भाच्याचा टायर बघितल्यावर मी आमच्या गाडीचं स्टेअरिंग वळवून बघितलं. ते नवे टायरही आतून झिजायला लागले होते! रोग तसाच ठेवून नुसती चप्पल बदलली होती.

पाच मिनिटांची तपासणी

आता महिन्यातून एकदा मी हे करते. तुम्हीही करा. गाडी सपाट जागी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून इंजिन बंद करायचं. खाली वाकून टायरची आतली कड बघायची. मग दुसऱ्या बाजूला वळवून पुन्हा तेच. हात फिरवायचा तर जपून आणि जाडसर कापड घेऊन. माझ्यासारखं बोट टोचून घेऊ नका.

टायरच्या खाचांत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायचाच. कारच्या बाबतीत केंद्रीय मोटार वाहन नियमही हेच सांगतात. आणि फक्त मध्ये बघू नका, आत, मध्ये, बाहेर अशा तिन्ही जागी बघा. खाचा असतात त्या चाकाखालचं पाणी बाहेर फेकायला. त्या नसल्या तर भर पावसात टायर पाण्यावर तरंगतो, ना ब्रेक लागतो ना स्टेअरिंग ऐकतं. आणि तार दिसली, तर दुकानापर्यंतसुद्धा त्या टायरवर जायचं नाही. स्टेपनी लावायची किंवा मेस्त्रींना बोलवायचं.

हवा किती भरायची ते पंपावरच्या मुलाला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे गाडीच्या कंपनीने लिहिलेलं असतं. तपासायची ती टायर थंड असताना.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

मेस्त्रींनी आम्हाला एक गोष्ट पक्की बजावली. "नवे टायर घातल्यात आणि अलाइनमेंट केल्यात नाय, तर पैशे व्हाळात." म्हणून भाचा गाडीला नवे टायर घालून लगेच कुडाळला गेला आणि मीही हट्टाने सोबत गेले. चाकांना पट्ट्या अडकवतात, कॉम्प्युटरवर आकडे येतात, चुकीचे लाल आणि बरोबर ते हिरवे. आपल्याला त्यातलं सगळं कळलं नाही तरी चार गोष्टी विचारायच्या. आधी टाय रॉड, बॉल जॉइंट आणि बुश ढिले आहेत का, ते बघितलं का? कारण ते सैल असतील तर अलाइनमेंट टिकतच नाही. टायरची हवा आधी सारखी केली का? मागच्या चाकांचे आकडे काय आहेत? आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेला कागद मिळेल का? तो कागद मी आता गाडीच्या कप्प्यात जपून ठेवते.

आणखी एक. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगात स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंग बिघडलेलं असतं. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग वाकडं राहत असेल, तर अलाइनमेंट. साधारण पाच ते दहा हजार किलोमीटरला, आणि मोठी आपट बसली तर लगेच ते तपासून घ्यावं. एका नव्या टायरच्या पैशांत अलाइनमेंट कितीतरी वेळा होतं.

भाच्याच्या गाडीच्या मूळ स्प्रिंगा पुढे पुण्याला गेल्यावर परत बसवल्या गेल्या. तो थोडा हिरमुसला, पण कुरकुरला नाही.

१८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या मोटारीतून शंभरेक किलोमीटर माहेरी गेली. मोटारीचा तेवढा लांबचा प्रवास त्याआधी कुणी केलाच नव्हता. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तर चपला शिवणाऱ्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. गाडीतलं बायकांना काय कळतं, असं कुणी म्हणालं की मला ती आठवते.

आम्ही दोन दिवस उशिराने कोल्हापूरला गेलो. फोंडा घाटात धुकं होतं, पाऊस तर आडवातिडवा. ओटी भरून झाल्यावर सासूबाईंनी देवीसमोर हात जोडले, आणि परत गाडीत बसायच्या आधी थांबून भाच्याला म्हणाल्या, "चाक वळव बघूया. मामीक एकदा आतसून बघूंदे."

त्याने मुकाट्याने स्टेअरिंग वळवलं.