झिंग्यांसाठी पाणी कुठलं : बोअरचं, नळाचं की जारचं?

काचेतलं तळं : भाग ७

गेल्या भागात टाकी मुरवण्याबद्दल वाचलंत. विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया, त्याचं जिवाणूंमार्फत होणारं नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट, ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासा त्यात थोडंफार सोसून घेतो, झिंगा सोसत नाही. म्हणून टाकी मुरल्यावर आता त्याची पाळी.

पहिल्यांदा पाळायला चेरी झिंगा घ्यावा. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी, लांबी दोन-तीन सेंटिमीटर, आयुष्य साधारण एक ते दोन वर्षं. मूळचा चीन-तैवानच्या ओढ्यांतला हा जीव मातकट, पारदर्शक असतो. त्याचा लालभडक रंग पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणला. दुकानात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा क्रिस्टल रेड दिसला तर मोहात पडू नका. त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी आणि थंड पाणी लागतं. ते आपल्या नातेपुत्यात टिकवायचं म्हणजे रोजची झुंज.

चेरी झिंग्याला मात्र पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवंच असतं. झिंगा वाढतो तो कात टाकून. डोक्या-छातीचा भाग जिथे पोटाला मिळतो, तिथे पाठीवर कवच उकलतं आणि एका झटक्यात तो बाहेर पडतो. मागे मिश्या-पायांसकट पारदर्शक कात उरते. नवखा माणूस ती पाहून झिंगा मेला म्हणून हळहळतो. मेलेला झिंगा गुलाबी, अपारदर्शक होतो. कात काचेसारखी पोकळ असते. ती काढू नका, त्यातले क्षार झिंगे खाऊन परत मिळवतात. पाण्यात खनिजं कमी पडली तर कवच नीट उकलत नाही, पाठीवर पांढरं कडं दिसतं आणि झिंगा कातीत अडकून मरतो.

आता आपल्या घरातली तीन पाणी बघू. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून मुरत येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. बादलीला धरणारा पांढरा थर तो हाच. ज्या जडपणामुळे डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, तोच झिंग्याच्या कवचाचा आधार. पण आपल्याकडे तो बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त असतो. जारचं आरओ पाणी याच्या उलट: त्यात खनिजं जवळजवळ नसतात, म्हणून नुसतं ते कधीच वापरू नये.

दोन्ही मिसळा. समजा, बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ९०० आणि जारचा ५० आहे. एक भाग बोअर आणि तीन भाग जार मिसळलं की २६० च्या आसपास येतो. चेरीला १५० ते ३०० मानवतो. पण पाणी मचूळ असेल तर टीडीएसवर विसंबू नका, तो आकडा मिठानेही फुगतो. थेंबांच्या किटने जडपणा वेगळा मोजा. तो ६ ते १२ अंशांत बसला पाहिजे. उसाच्या रानातल्या विहिरीचं पाणी असेल तर खतांमुळे नायट्रेट वाढलेलं असू शकतं, तेही तपासा.

नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरीचा क्लोरीन असतो. उघड्या बादलीत हवेचा पंप लावून चोवीस तास ठेवलं की तो उडून जातो. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्यात मुक्कामी असते, तेव्हा पाणी निर्जंतुक करण्यावर साहजिकच भर असतो. त्या दिवसांत टाकीचं पाणी बदलू नका.

तांब्यापासून मात्र झिंग्याला जपा. त्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या द्रव्यात तांबं असतं, पण पाण्यातलं तांबं थोडं वाढलं तरी त्याचा जीव जातो. तांब्याच्या हंड्यातलं पाणी टाकीत ओतू नये. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, लेबल वाचा. घरी डाळिंबाची बाग असेल तर बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद कालवलेली बादली कितीही धुतली तरी टाकीसाठी घेऊ नका. फवारणीची भाजी आणि डास मारायची अगरबत्ती किंवा लिक्विड यांतली कीटकनाशकंही तितकीच घातक. खायला वाळलेलं देशी बदामाचं पान द्या. त्यावर चढणारा बुळबुळीत थर झिंगे दिवसभर खरवडत बसतात.

उन्हाळ्यात तापमान २८ अंशांच्या वर फार काळ राहू देऊ नका. आपली हवा कोरडी, म्हणून पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-चार अंश सहज उतरतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यामुळे घटलेली पातळी फक्त जारच्या पाण्याने भरा. बोअरचं ओतत गेलात तर महिन्याभरात टाकी खारावेल. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या.

नवे झिंगे एकदम टाकीत सोडू नका. मेडिकलमधून सलाईनचा कोरा सेट आणा आणि टाकीतलं पाणी तास-दोन तास थेंबाथेंबाने त्यांच्या भांड्यात येऊ द्या.

सगळं जुळलं की मादीच्या पोटाखाली वीस-तीस अंडी दिसतील. ती पोटाच्या पायांनी त्यांना सतत पाणी घालत राहते. तीन-चार आठवड्यांत आईसारखीच दिसणारी, मिलिमीटरभर-दोन मिलिमीटरची पिल्लं बाहेर पडतात. जपानच्या ताकाशी अमानो यांनी शेवाळ खाण्यासाठी लोकप्रिय केलेल्या अमानो झिंग्याचं तसं नाही. त्याच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, म्हणून घरच्या गोड्या पाण्यात त्याची पैदास होत नाही.

पिल्लं जास्त झाली तर पाळणाऱ्या मित्राला द्या. नीरेच्या कालव्यात किंवा विहिरीत सोडू नका. आपल्या ओढ्या-नद्यांत छोटे देशी झिंगे आधीच आहेत, परका जीव सोडून त्यांच्या खाण्या-राहण्यात वाटेकरी वाढवायचा आपल्याला हक्क नाही.

या आठवड्यात झिंगे विकत घ्यायची घाई करू नका. घरातल्या तिन्ही पाण्यांचा टीडीएस आणि जडपणा मोजून वहीत लिहा. पुढच्या भागात पाणवनस्पती आणि शेवाळ. ते आकडे तिथेही लागतील.