परसातल्या गांधीलमाश्यांचा बंदोबस्त

उन्हाळा उतरणीला लागला की अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन आणि ओरेगॉन या राज्यांत घरामागच्या अंगणात पंगत मांडणे कठीण होऊन बसते, आणि त्याला कारण असते ती यलोजॅकेट नावाची, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, आकाराने मधमाशीएवढी परंतु अंगावर तिच्यासारखी दाट लव नसलेली गांधीलमाशी. व्हेस्प्युला आणि डॉलिकोव्हेस्प्युला या दोन वंशांतील अनेक जातींना मिळून हे नाव दिले जाते. त्यांपैकी या प्रदेशात घरमालकांना सर्वाधिक जाच होतो तो व्हेस्प्युला पेन्सिल्व्हेनिका, म्हणजे पश्चिमी यलोजॅकेट, या जातीचा. महाराष्ट्रात वळचणीला किंवा खिडकीच्या झडपेमागे दिसणारी गांधीलमाशी बहुधा देठाला टांगलेले उघडे पोळे बांधते, त्यात काही डझन माश्या असतात आणि सगळा कारभार डोळ्यांना दिसतो. यलोजॅकेटचे पोळे मात्र प्रायः जमिनीखाली, उंदराच्या सोडलेल्या बिळात किंवा घराच्या भिंतीच्या पोकळीत, कागदी वेष्टनाच्या आत झाकलेले असते आणि ऑगस्टअखेर त्यात काही हजार कामकरी माश्या राहत असतात. म्हणूनच जळता बोळा लावून पोळे पाडण्याचा गावाकडचा उपाय तिथे केवळ निरुपयोगी नव्हे तर जिवावर बेतणारा ठरतो, ही गोष्ट त्या भागात नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आधीच जाणून घेणे हिताचे आहे. गणेशोत्सवाच्या निमित्ताने परसात माणसे जमतात, गोडाधोडाची ताटे उघड्यावर येतात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत या वसाहती वर्षातल्या सर्वांत मोठ्या आकाराला पोहोचलेल्या असतात.

या माशीच्या बंदोबस्ताचे सारे मर्म तिच्या वर्षक्रमात आहे, आणि ज्याला तो क्रम ठाऊक नाही तो बहुधा योग्य उपाय अयोग्य महिन्यात करत बसतो. हिवाळ्यात जगते ती फक्त आदल्या शरद ऋतूत फलित झालेली राणीमाशी. झाडाच्या सालीखाली, लाकडाच्या ढिगात किंवा पालापाचोळ्यात ती निपचित पडून राहते, आणि एप्रिलच्या सुमारास ऊब वाढली की एकटीच बाहेर पडून जागा शोधते. कुंपणाच्या जुन्या, उन्हापावसाने करड्या झालेल्या लाकडाचे तंतू ती जबड्याने खरवडते, लाळेत कालवते आणि त्या लगद्याच्या कागदातून पहिले काही डझन कोठे उभारते. त्यांत वाढलेल्या अळ्यांना तिलाच भरवावे लागते. साधारण महिन्याभराने पहिल्या कामकरी माश्या बाहेर आल्या की राणी अंडी घालण्यापुरतीच उरते आणि बांधकाम, शिकार, राखण ही कामे तिच्या मुली उचलतात. पोळ्याचे मजले एकाखाली एक, छोट्या खांबांनी टांगलेले वाढत जातात, कोठ्यांची तोंडे खाली असतात, भोवतीचे कागदी वेष्टन अनेक पदरी असते आणि पदरांमध्ये अडकलेली हवा आतली ऊब राखते. बिळाची जागा अपुरी पडू लागली की माश्या मातीचे कण जबड्यात धरून बाहेर नेऊन टाकतात, आणि जे खडे उचलवत नाहीत ते पोळ्याच्या तळाशी साठत जातात.

प्रौढ माशीला घन अन्न गिळता येत नाही; तिच्या कमरेच्या अतिशय अरुंद सांध्यातून केवळ द्रव पुढे सरकतो. त्यामुळे ती ज्या माश्या, सुरवंट किंवा ताटातले मांसाचे तुकडे कापून नेते ते सारे अळ्यांसाठी असते, आणि त्याच्या मोबदल्यात अळ्या तोंडावाटे गोडसर स्राव देतात, जो कामकरी माश्यांचा आहार होतो. जून-जुलैत परसातल्या भाज्यांवरचे सुरवंट या माश्या मोठ्या संख्येने वेचतात हे बागकाम करणाऱ्याने विसरू नये. उन्हाळ्याच्या अखेरीस वसाहत नव्या राण्या आणि नर निर्माण करते, त्यानंतर अळ्यांची संख्या घटते, स्राव आटतो आणि हजारो प्रौढ माश्या गोडाच्या शोधात बाहेर पडतात. सरबताचे पेले, सोड्याचे उघडे डबे, झाडाखाली कुजलेली सफरचंदे आणि कचऱ्याच्या पेट्या यांवरची झुंबड ही त्या आटलेल्या स्रावाची परिणती असते. पुढे गारठा पडला की सगळी वसाहत मरते, जुनी राणीसुद्धा. हवाईसारख्या उबदार प्रदेशात, जिथे ही पश्चिमी जात माणसाबरोबर जाऊन पोहोचली आहे, तिथे काही पोळी हिवाळा ओलांडतात आणि अवाढव्य होतात, परंतु वॉशिंग्टन-ओरेगॉनमध्ये थंडी बहुतेक ठिकाणी हे काम चोख करते.

बंदोबस्ताचा पहिला भाग म्हणून स्वच्छतेचा उल्लेख सगळेच करतात आणि फार थोडे तो पाळतात. घट्ट झाकणाची कचरापेटी, पडलेल्या फळांची रोजची वेचणी, पाळीव प्राण्यांचे अन्न उघड्यावर न ठेवणे आणि डब्यातून थेट न पिता पेल्यात ओतून पिणे, एवढ्याने अंगणातला उपद्रव बराच उतरतो. शेवटची सूचना किरकोळ वाटली तरी ती सर्वांत महत्त्वाची आहे, कारण डब्यात शिरलेली माशी घशात डसली तर ॲलर्जी नसलेल्या माणसाचाही श्वास सुजेमुळे कोंडू शकतो.

सापळ्यांविषयी मात्र अपेक्षा आणि वास्तव यांत मोठे अंतर आहे. दुकानात मिळणाऱ्या पिवळ्या सापळ्यांत बहुधा हेप्टिल ब्युटिरेट हे फळासारख्या वासाचे रसायन असते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी १९६०च्या दशकात या कुळातील रसायनांचे आकर्षण प्रथम नोंदवले, आणि पश्चिमी यलोजॅकेट त्याकडे जोमाने धाव घेते. जर्मन यलोजॅकेट, म्हणजे व्हेस्प्युला जर्मेनिका, या युरोपातून आलेल्या आणि भिंतींच्या पोकळीत घर करणाऱ्या जातीला मात्र त्याचे फारसे आकर्षण नाही, म्हणून एका शेजाऱ्याचा सापळा भरून वाहतो आणि दुसऱ्याचा रिकामा राहतो, तेव्हा दोष सापळ्याचा नसून जातीतल्या फरकाचा असू शकतो. घरगुती सापळ्याची रीतही जुनी आहे: साबण विरघळवलेल्या पाण्याच्या बादलीवर माशाचा किंवा मांसाचा तुकडा टांगतात, माशी पेलवणार नाही एवढा घास कापते, उडताना खाली झुकते आणि पाण्यात पडते, साबणाने पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे कीटकाला तरंगत ठेवणारा वरचा ताण, मोडलेला असल्याने ती बुडते. सापळा जेवणाच्या जागेपासून दूर, अंगणाच्या कडेला टांगायचा असतो, नाहीतर तो पाहुण्यांनाच माश्या आणून देतो. तथापि शेकडो माश्या अडकल्या तरी हजारोंच्या वसाहतीचे त्याने फारसे बिघडत नाही. वसंतात राणी पकडली की एक पोळे टळले हा हिशेबही वाटतो तेवढा सरळ नाही, कारण राण्या आपसांत लढून एकमेकींची कोवळी पोळी बळकावतात आणि त्यांतल्या बहुसंख्य वसाहत उभी राहण्याआधीच मरतात. न्यूझीलंडमध्ये १९४५ साली हॅमिल्टनजवळ जर्मन जातीचे पहिले पोळे आढळल्यानंतर सरकारने प्रत्येक राणीमागे तीन पेन्सचे बक्षीस लावले, लोकांनी एक लाखाहून अधिक राण्या आणून दिल्या, आणि तरीही माशीचा प्रसार थांबला नाही.

खरा उपाय पोळ्यावर करावा लागतो, आणि त्यासाठी आधी पोळे सापडावे लागते. सूर्य कलता असताना, उजेड समोरून येईल अशा बेताने अंगणाच्या कडेला शांत उभे राहिले की उडणाऱ्या माश्यांचे पंख चमकतात. फुलांवर किंवा अन्नावर रेंगाळणारी माशी इकडे-तिकडे भरकटते, पण घराकडे निघालेली माशी सरळ रेषेत जाते, आणि अशा अनेक रेषा जिथे जमिनीत उतरतात तिथे रुपयाच्या नाण्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे भोक असते. भोकाच्या काठावर पहारेकरी माश्या बसलेल्या दिसतात. गवत कापण्याच्या यंत्राची थरथर त्यांना सर्वाधिक खवळवते, म्हणून जागा सापडताच तिच्यापासून सुरक्षित अंतरावर खूण करून तो पट्टा कापायचा नाही, मुलांना आणि कुत्र्यांना तिकडे जाऊ द्यायचे नाही. पोळ्याजवळ माशी चिरडणेही टाळावे लागते, कारण तिच्या विषातून धोक्याची सूचना देणारी गंधरसायने सुटतात आणि त्यांच्या वासाने बाकीच्या माश्या धावून येतात. मधमाशीसारखी नांगी गमावून मरणे यांच्या नशिबी नसल्याने एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते.

इथेच विचारपूर्वक एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो बहुतेक माणसे घाबरून चुकवतात: पोळे वाटेपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात असेल, घरात कुणाला दंशाची तीव्र ॲलर्जी नसेल, आणि सप्टेंबर सरत आला असेल, तर त्याला हात न लावणे हाच उत्तम बंदोबस्त होय, कारण लवकरच गारठा ती वसाहत मारतोच. कित्येकदा तर रात्री स्कंक किंवा रॅकून हे प्राणीच बीळ उकरून अळ्या खाऊन टाकतात.

पोळे दाराजवळ असेल तर काम दिवेलागणीनंतर, सगळ्या माश्या आत परतल्यावर करायचे असते. बाह्या मनगटाशी, विजारीचे पाय मोज्यांत घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर जाळी, आणि हातातल्या दिव्यावर तांबडा कागद, कारण या माश्यांना तांबडा उजेड जवळजवळ दिसत नाही आणि पांढऱ्या उजेडाकडे त्या थेट झेपावतात. बिळासाठी फवाऱ्यापेक्षा भुकटी सरस ठरते, कारण बिळाची वाट वळणाची असते, द्रवाची धार पहिल्या वळणावर संपते आणि चिडलेल्या माश्या तेवढ्या बाहेर येतात. परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन या, शेवंतीच्या कुळातील एका फुलातल्या विषाच्या धर्तीवर बनवलेल्या कृत्रिम कीटकनाशकांची भुकटी हातपिचकारीने भोकाच्या तोंडात फुंकली की येणाऱ्या-जाणाऱ्या माश्यांच्या अंगाला ती चिकटते आणि त्या स्वतःच ती आत नेतात. म्हणून भोक बुजवायचे नसते. दुसऱ्या दिवशी दुरूनच ये-जा पाहायची, ती चालू असेल तर पुन्हा रात्री तेच करायचे, आणि सर्व शांत झाल्यावरच माती ओढायची. डब्यावर छापलेल्या सूचना अमेरिकेत नुसता सल्ला नसून कायद्याने बंधनकारक आहेत. बिळात पेट्रोल ओतण्याची चाल अजूनही आढळते आणि ती सर्वस्वी निषिद्ध मानली पाहिजे: त्याने माती विषारी होते, भूजलाला धोका पोहोचतो, आणि कुणी काडी ओढली तर ओतणाराच भाजतो.

भिंतीतले पोळे हे याहून नाजूक प्रकरण असते. अमेरिकी घरांच्या भिंती आतून ड्रायवॉलच्या, म्हणजे दोन कागदांमध्ये दाबलेल्या जिप्समच्या, तक्त्यांनी झाकलेल्या असतात, आणि पोळे वाढू लागले की माश्या तो तक्ता कुरतडून जागा करतात. भिंतीला कान लावला तर बारीक कुरकूर ऐकू येते, आणि कधी कधी रंगाचा पातळ पापुद्रा एवढाच अडसर उरलेला असतो, जो बोटाने दाबला तरी फाटतो. अशा वेळी बाहेरची फट सिमेंटने किंवा फेसाने बंद केली तर कोंडलेल्या माश्या कुरतडत शयनगृहात उतरतात. हे काम जाणकाराकडे सोपवावे हे उत्तम. या भागात काही माणसे पोळी निर्वात यंत्राने, म्हणजे लांब नळीच्या व्हॅक्यूमने, जिवंत माश्यांसकट ओढून घेतात, माश्या गोठवतात आणि विषापासून औषध बनवणाऱ्या प्रयोगशाळांना विकतात. त्यांना फवारलेले पोळे चालत नाही, म्हणून त्यांना बोलवायचे असेल तर आधी घरमालकाने काहीही मारलेले नसावे.

त्या औषधाची कथा या साऱ्या उपद्रवाला एक वेगळे वजन देते. अमेरिकेत २००० ते २०१७ या काळात मधमाश्या, गांधीलमाश्या आणि त्यांच्या जातभाईंच्या दंशाने मिळून १,१०९ मृत्यू नोंदले गेले, वर्षाला सरासरी ६२. बहुतेकांसाठी दंश म्हणजे काही तासांची आग आणि सूज असते. परंतु ज्यांना ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सर्व शरीराला ग्रासणारी तीव्र ॲलर्जी, होते त्यांच्या अंगावर दूरवर पित्त उठते, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो, आणि तत्काळ एपिनेफ्रिनचे इंजेक्शन व रुग्णवाहिका हाच उपाय उरतो. अशा रुग्णांना पूर्वी संपूर्ण कीटक वाटून काढलेला अर्क टोचत असत; त्याचा उपयोग औषधविरहित पाण्याहून अधिक नाही, आणि शुद्ध विषाच्या वाढत्या मात्रा मात्र संरक्षण देतात, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी १९७८ साली दाखवून दिले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. घराच्या भिंतीतून ओढलेल्या माश्यांचे विष आजही त्या औषधाच्या कुप्यांमध्ये पोहोचते.

गोठवणारी थंडी पडून गेल्यावर जुने पोळे निरुपद्रवी होते आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा वापरले जात नाही, तरी भिंतीतले शक्य असेल तर काढून टाकावे, कारण मेलेल्या माश्यांवर वाढणारे भुंगेरे नंतर गालिच्यांकडे आणि लोकरीच्या कपड्यांकडे वळतात. बाहेरच्या फळ्यांमधल्या फटी, नळांच्या आणि तारांच्या भोवतीची छिद्रे, माळ्याच्या झरोक्यांच्या फाटक्या जाळ्या बुजवण्याचा काळ हाच, म्हणजे माश्या मेल्यानंतर आणि एप्रिलमध्ये राण्या जागा शोधू लागण्यापूर्वीचा. लाकडाचा ढीगही याच महिन्यांत घराच्या भिंतीपासून दूर हलवावा, कारण त्यातल्या एखाद्या ओंडक्याच्या सालीखाली पुढच्या वर्षाची राणी झोपलेली असण्याचा संभव असतो.