पासवर्ड अडला तरी फॉरमॅटची घाई नको
लेखमाला : घरचा संगणक, भाग ६

टोमॅटोच्या हिशेबपट्ट्या, द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी, सोसायटीच्या कर्जाची कागदपत्रे, लग्नकार्याचे फोटो. जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घरांत हे सगळे आता एकाच संगणकात असते. म्हणून पासवर्ड चालेनासा झाला की धाबे दणाणते. दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले की आपण होकार देऊन मोकळे होतो. तो होकार आधी आवरा. किल्ली हरवली म्हणून घरातले सामान जात नाही, फॉरमॅटने मात्र जाते.

पहिला संशय कीबोर्डवर घ्या. कॅप्स लॉक चालू आहे का? पिन आकड्यांचा असेल तर नम लॉक बंद आहे का? मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला असेल, तर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली भाषेची खूण पाहा आणि इंग्रजी निवडा. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून धरले की टाइप केलेली अक्षरे दिसतात. पिन वारंवार चुकला, तर विंडोज ‘A1B2C3’ अशा धर्तीची अक्षरे टाइप करायला सांगते. घाबरू नका, कळ चुकून दाबली जात नाही ना, एवढीच ती खात्री असते.

तरीही दार उघडले नाही, तर खाते कोणते ते आठवा. ईमेल देऊन उघडलेले मायक्रोसॉफ्ट खाते असेल, तर पासवर्ड मोबाइलवरूनही बदलता येतो. नंतर संगणकाला इंटरनेट जोडून नवा पासवर्ड टाका. हॉटस्पॉट लॉगिनच्या पडद्यावरूनही जोडता येतो. पिन आणि पासवर्ड वेगळे असतात, हेही लक्षात ठेवा. पिन विसरला तरी ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून पासवर्ड वापरून आत जाता येते.

खरी अडचण पासवर्ड बदलताना लागणाऱ्या कोडची. संगणक घेतला तेव्हा मुलाने खाते उघडले, आता तो शिकायला पुण्यात. कोड त्याच्याच फोनवर जातो. त्याला फोन लावा आणि तिकडून कोड विचारून घ्या. पण अनोळखी माणसाने फोन करून मागितला तर कोड कधीही सांगू नका. भीमाशंकरच्या बाजूला रेंज नसेल, तर एसएमएसऐवजी ईमेलवर कोड मागवता येतो, अर्थात तो ईमेल खात्याला आधीच जोडलेला हवा. जुना नंबर बंद आणि ईमेलही हाताशी नाही, अशा वेळी खात्यातली सगळी सुरक्षा माहिती बदलायची तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबवते.

ईमेलशिवायचे, म्हणजे लोकल खाते असेल, तर चुकीच्या पासवर्डनंतर ‘रीसेट पासवर्ड’ दिसतो. २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये आणि विंडोज ११ मध्ये खाते उघडताना तीन प्रश्न विचारलेले असतात; त्यांची तीच उत्तरे द्या. घरातल्या दुसऱ्या कुणाचे ॲडमिनिस्ट्रेटर खाते त्याच संगणकावर असेल, तर तिथूनही नवा पासवर्ड देता येतो.

काहीच जमले नाही तरी डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर जाणकार माणूस लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून फाइली उतरवून देऊ शकतो. दुकानदाराला आधी एवढेच सांगा, ‘फाइली काढा, मग बाकीचे बघू.’ डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली असेल, तर मात्र ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते. मदरबोर्ड बदलल्यावर ती हमखास विचारली जाते. बहुधा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कुठेच नसेल, तर दुकानदारच काय, मायक्रोसॉफ्टही डिस्क उघडू शकत नाही.

म्हणून संगणक चालतो आहे तोवरच, याच आठवड्यात तीन कामे उरका. खात्यातला मोबाइल नंबर चालू आहे का ते तपासा. घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाचे ॲडमिनिस्ट्रेटर खाते उघडा. ते ४८ आकडे वहीत लिहून सातबाराच्या फायलीत ठेवा. जमिनीचे कागद आपण जसे जपतो, तशीच ही कीही जपायला हवी.

पुढच्या भागात : फाइलींची दुसरी प्रत कुठे आणि कशी ठेवायची.