आकडा बरोबर, माप चुकले

परवा सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक आज्जी नातवाला कडेवर घेऊन आल्या. "डॉक्टर, पोराचं अंग चुलीगत तापलंय आन् ह्ये मीटर नुसतं अडतीस दावतंय. बिघडलंय वाटतं." थर्मामीटर त्यांच्या पुण्याच्या लेकाने आणून दिलेला, डिजिटल. तो बिघडला नव्हता. पडद्यावर ३८.९ होते आणि शेजारी बारीक अक्षरात सेल्सिअसची खूण होती. फॅरनहाइटमध्ये हा ताप १०२ भरतो. शंभराच्या पुढे गेल्याशिवाय ताप नाही, हा आज्जींचा जुना हिशेब. त्या हिशेबापायी पोर रात्रभर तापात राहिले.

यात आज्जींना हसण्यासारखे काही नाही. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत जोंधळे चिपट्या-मापट्यानेच मोजतात. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही मापे स्वयंपाकघरात खुशाल चालू द्यावीत. भाकरीला मूठभर पीठ कमी-जास्त झाले म्हणून कोणाचे बिघडत नाही. औषधाचे तसे नाही.

पूर आम्हा कुरुंदवाडकरांना नवा नाही. २००५, २०१९, २०२१ ही साले सर्वांना पाठ आहेत. पाणी ओसरले की जुलाबाची भीती असते आणि घरोघरी जलसंजीवनीची पाकिटे येतात. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते कशात कालवले म्हणून विचारले, तर उत्तर येते, "तांब्याभर पाण्यात." आमच्या घरचा तांब्या मी मुद्दाम मोजून पाहिला. पाऊण लिटरसुद्धा भरला नाही. पाणी कमी पडले की द्रावण खारट होते, जुलाब वाढू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या रक्तात मिठाचे प्रमाण धोक्याइतके चढू शकते. एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन ठेवा. तिच्याइतके सोपे माप नाही. लहान पाकिटे २०० मिलीलिटरचीही मिळतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा वाचूनच पाणी घ्या.

चमच्याचीही हीच गत. आम्ही लिहितो 'एक चमचा' आणि आमच्या मनात ५ मिली असतात. घरातला चमचा कुठला तीन मिलीचा, तर कुठला सात. (चूक आमचीही आहे; मिली लिहायला असा किती वेळ लागतो!) औषधासोबत आलेले टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. तापाच्या औषधाचे थेंब आणि पातळ औषध एकच समजू नका. पॅरासिटामॉलच्या थेंबांत बहुधा १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर लहान मुलांच्या साध्या सिरपमध्ये ५ मिलीत साधारण १२५. थेंबांच्या बाटलीतून 'एक चमचा' दिला, तर तान्ह्या बाळाच्या पोटात मोठ्या माणसाच्या गोळीइतके औषध जाते.

आता माझीच गोष्ट सांगतो. मधुमेहाचे एक काका अनेक महिने माझ्याकडे येत होते. रोज न चुकता २० युनिट इन्सुलिन घेत, तरी साखर तीनशेच्या खाली उतरेना. पथ्य पाळत नसावेत, असे मनात धरून मी डोस वाढवला. पुढच्या खेपेला सहज म्हणालो, "काका, ती पिशवी घेऊन या बघू." बाटलीवर एका मिलीत ४० युनिट असे छापलेले होते आणि सिरिंज होती नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. तिच्या २० च्या रेघेपर्यंत औषध भरले, की प्रत्यक्षात जातात फक्त ८ युनिट. काकांनी डोस एकदाही चुकवला नव्हता आणि मी त्यांना पथ्यावरून बोल लावत होतो. नशीब एवढेच, की मधल्या काळात त्यांना कोणी योग्य सिरिंज दिली नाही. दिली असती, तर मी वाढवलेला सगळाच्या सगळा डोस एकदम लागू झाला असता.

उलटी चूक याहून घातक. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या, तांबड्या टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर ५० युनिट जातात. साखर झपाट्याने उतरते, दरदरून घाम सुटतो, माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो आणि जीवही जाऊ शकतो. पेनातले इन्सुलिन बहुधा १०० चे असते. पेन अडले म्हणून सिरिंजने त्यातले औषध ओढून घेऊ नका.

तांबडे आणि नारिंगी टोपण कमी उजेडात सारखेच दिसते. म्हणून रंगावर विसंबू नका; बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, ते चष्मा लावून पाहा. सिरिंज संपली की दुकानात जाताना इन्सुलिनची बाटली, निदान तिचे रिकामे खोके सोबत न्या.