‘व्हेप’ हे यंत्र कसे चालते, आणि त्याला किती गुण द्यावेत?

प्रिय विद्यार्थी, सन्माननीय पालक व विश्वस्त मंडळी,



मागील सत्रात नववीच्या वर्गात एका बाकाखाली बोटाएवढी, चपटी, काळी वस्तू सापडली. वर्गशिक्षिकांनी ती आमच्याकडे आणून दिली. आम्ही तिला पेन ड्राइव्ह समजलो आणि कुणीतरी मागायला येईल म्हणून टेबलाच्या खणात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला एक विद्यार्थी दाराशी येऊन उभा राहिला. वस्तू मागण्याचे धैर्य त्याला होत नव्हते आणि परत जाणेही जमत नव्हते. हात थरथरत होते, लक्ष ठिकाणावर नव्हते. तेव्हा कुठे आम्हाला शंका आली. ती वस्तू म्हणजे व्हेप, अर्थात इलेक्ट्रॉनिक सिगारेट होती.

त्याच्या वडिलांना बोलावले. ते सज्जन गृहस्थ अगदी सहज म्हणाले, "अहो, त्यात नुसती वाफ असते, फळांच्या वासाची. सिगारेट थोडीच आहे ती?" खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याजवळ नीट उत्तर नव्हते. ‘वाईट आहे’ एवढेच आम्ही म्हणू शकलो, आणि एवढ्याने आजच्या मुलांचे समाधान होत नाही, पालकांचेही होत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही या विषयावर वाचन केले. त्याचे सार या अंकात देत आहोत.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एखादे मॉडेल तपासताना परीक्षक साधे प्रश्न विचारतात. ते चालते कसे? ठरलेले काम ते करते का? सुरक्षित आहे का? वापरणाऱ्याच्या भल्याचे आहे का? हेच प्रश्न आपण या यंत्राला विचारू या.

यंत्राच्या आत काय असते?

मुख्य भाग चार. एक लहान लिथियम आयन बॅटरी, धातूच्या तारेचे एक वेटोळे, त्याला लागून कापसाची वात, आणि द्रव भरलेली कुपी, जिला पॉड म्हणतात. समईत तेल वातीतून आपोआप वर चढते, तसाच पॉडमधला द्रव वातीतून तारेपर्यंत येतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे आम्ही याला ‘केशिकात्व’ म्हणत असू, मराठीत याला ‘केशाकर्षण’ म्हणतात. तत्त्व एकच.

तोंडाने हवा ओढली की आतील दाब किंचित कमी होतो. एक छोटा संवेदक तो फरक ओळखतो आणि वीजप्रवाह सुरू करतो. बऱ्याच यंत्रांना बटणच नसते, ते याच कारणाने. यापुढचा भाग दहावीच्या विद्यार्थ्यांनी विद्युतधारेच्या औष्णिक परिणामात शिकलेला आहे. समजा, बॅटरी ३.७ व्होल्टची आणि तारेचा रोध १ ओहम. व्होल्टचा वर्ग भागिले रोध, म्हणजे सुमारे १३.७ वॅट. आपल्या घरातला एलईडी दिवा बहुधा ९ वॅटचा असतो. त्याहून जास्त शक्ती इतक्याशा तारेत एकवटते, म्हणून ती क्षणात तापते.

द्रवात मुख्यतः दोन पदार्थ असतात. प्रोपिलीन ग्लायकॉल, ज्याचा उत्कलनबिंदू १८८ अंश सेल्सियस आहे, आणि ग्लिसरीन, ज्याचा २९० अंश आहे. त्यांत निकोटिन आणि सुवासिक द्रव्ये मिसळलेली असतात. तापल्यावर द्रवाची वाफ होते आणि थंड हवेत लगेच तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. म्हणजे जे दिसते ती चहाच्या कपावरची पाण्याची वाफ नव्हे. ते रसायनांच्या थेंबांचे धुके आहे. वडिलांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे.

ठरलेले काम ते करते का?

काम कोणते ठरले होते, ते आधी पाहावे लागेल. आजच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे जनक म्हणून होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाचे नाव घेतले जाते. त्यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. ते स्वतः भारी धूम्रपान करणारे होते. त्यांच्या वडिलांचा मृत्यू फुप्फुसाच्या कर्करोगाने झाला होता. सिगारेटच्या टोकाचे तापमान ओढताना ९०० अंशांच्या आसपास जाते. तंबाखू जळतो, डांबर व कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. जाळल्यावाचून निकोटिन देता आले तर सिगारेट सुटेल, असा विचार होता. हेतू वाईट नव्हता, हे आपण मान्य केले पाहिजे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आजही सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना हा मार्ग सुचवते.

पुढे काय झाले, त्यासाठी ‘जूल’ या अमेरिकन यंत्राचे उदाहरण घेऊ. स्टॅनफर्ड विद्यापीठात डिझाइन शिकलेल्या ॲडम बोवेन आणि जेम्स मॉन्सीस यांनी ते बनवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्यांच्या कंपनीने २०१५ मध्ये ते बाजारात आणले. आधीच्या यंत्रांची एक अडचण होती. निकोटिन हे आम्लारीधर्मी असते. त्याचे प्रमाण वाढवले की घसा जळतो, ठसका लागतो. जूलमध्ये निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार बनवला गेला. (हिंदी पुस्तकातून विज्ञान शिकणाऱ्यांनी येथे सावध राहावे. हिंदीत ‘क्षार’ म्हणजे मराठीतील आम्लारी, आणि मराठीतील ‘क्षार’ म्हणजे हिंदीतील ‘लवण’. येथे लवण अभिप्रेत आहे.) त्यामुळे जळजळ कमी झाली आणि निकोटिनचे प्रमाण मात्र ५ टक्क्यांपर्यंत नेता आले. एका पॉडमध्ये ०.७ मिलिलिटर द्रव, त्यात सुमारे ४० मिलिग्रॅम निकोटिन. कंपनी स्वतःच सांगत असे की एक पॉड म्हणजे साधारण सिगारेटचे एक पाकीट. युरोपीय संघाने २०१४ च्या नियमांत एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घातली आहे. जूलचे अमेरिकेतील प्रमाण त्याच्या जवळजवळ तिप्पट होते.

विद्यार्थ्यांनो, येथे थोडे थांबून विचार करा. पहिल्यांदा विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते. हा शरीराने दिलेला पहारेकरी आहे. ‘हे आत घेऊ नकोस,’ असे तो सांगतो. या रचनेने काय केले? पहारेकऱ्यालाच झोपवले. वर आंबा, पुदिना, फळे यांचे स्वाद दिले. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचू लागले, तेही त्रास न होता.

तेव्हा ‘काम करते का’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, उत्तम करते. पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. आणि नेमके हेच भीतीचे कारण आहे.

सुरक्षित आहे का?

वात कोरडी पडून तार जास्त तापली, तर द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलीन यांसारखे घातक पदार्थ तयार होतात. तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे कण धुक्यात उतरू शकतात. निकृष्ट बॅटरीत शॉर्ट सर्किट होऊन भाजल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत.

अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप वापरणाऱ्यांत फुप्फुसांच्या गंभीर आजाराची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ जण दगावले. त्यांत बहुतेकांच्या द्रवात गांजातील द्रव्य होते आणि दाटपणासाठी मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे मुख्य कारण निघाले. म्हणजे प्रत्येक व्हेपने असेच होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. आत काय भरले आहे, हे बाहेरून कळत नाही. आपल्या देशात तर ही वस्तू चोरवाटेनेच येते. तिच्यावर छापलेला आकडा खरा की खोटा, हे तपासणारे कुणी नाही.

वापरणाऱ्याच्या भल्याचे आहे का?

सिगारेट जळून संपते. तिचा शेवट तिच्यातच आहे. पॉडचे तसे नाही. थोडे ओढा, खिशात ठेवा, पुन्हा काढा. एकूण किती झाले, याचा हिशेब राहत नाही. वास लगेच विरतो, म्हणून आईला कळत नाही. आकार पेन ड्राइव्हचा, म्हणून शिक्षकांना कळत नाही. आम्हाला तरी कुठे कळले? ज्या वस्तूची रचनाच लपवायला सोयीची आहे, ती कुणाच्या हाती जास्त जाईल, हे सांगायला नको.

आकडे तेच सांगतात. मागील ३० दिवसांत इलेक्ट्रॉनिक सिगारेट वापरणारे अमेरिकेतील हायस्कूलचे विद्यार्थी २०१७ मध्ये ११.७ टक्के होते. २०१९ मध्ये ते २७.५ टक्के झाले. सिगारेट सोडवण्यासाठी काढलेले यंत्र, सिगारेटला कधी हात न लावलेल्या मुलांच्या हाती गेले. माणसाचा मेंदू साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत घडत असतो. या वयात निकोटिनची सवय लवकर जडते, आणि लक्ष व एकाग्रता यांवर परिणाम होतो. चौथ्या तासाला दाराशी उभा असलेला आमचा विद्यार्थी आळशी नव्हता, उद्धटही नव्हता. यंत्राने आपले काम चोख केले होते, एवढेच.

दिलासा देणारी गोष्टही सांगतो. तिकडे नियम कडक झाले, विक्रीचे किमान वय २१ झाले, शाळांतून समजावणे सुरू झाले. २०२४ मध्ये तेच प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. म्हणजे ही लाट परतवता येते.

कायदा काय सांगतो?

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा व जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. उत्पादन किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘आमच्यात निकोटिन नाही’ ही सबबही चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेली व नसलेली, दोन्ही यंत्रे येतात. जे विद्यार्थी मित्राला ‘फक्त आणून देतात’, त्यांनी हे नीट वाचावे.

आता आपण काय करायचे?

त्या विद्यार्थ्याला शाळेतून काढावे, असे काही मंडळींचे मत होते. त्यामागची काळजी आम्ही जाणतो. एकामुळे दहा बिघडू नयेत, हे खरेच. पण दाखला हातात देऊन आपण मुलाला घालवले असते, सवय मात्र त्याच्याबरोबरच गेली असती. म्हणून आम्ही त्याला ठेवले. आई-वडील, वर्गशिक्षिका आणि डॉक्टर यांनी मिळून त्याला मदत केली. मध्ये एकदा तो घसरला. ते त्याने स्वतः येऊन सांगितले. आम्हाला वाटते, सबंध वर्षातील ते त्याचे सर्वांत मोठे यश होते.

विद्यार्थ्यांना आमचा शब्द आहे. स्वतःहून येऊन सांगणाऱ्याला या शाळेत शिक्षा होणार नाही. मात्र वस्तू आणणाऱ्याची वा विकणाऱ्याची गय केली जाणार नाही. आमच्याकडे यायला संकोच वाटत असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मदत विनामूल्य मिळते.

पालकांना विनंती अशी की दप्तराची झडती घेण्याआधी मुलाशी बोलावे. अनोळखी पेन ड्राइव्ह, अचानक आलेली चिडचिड, खोलीत फळांचा गोड वास, या खुणा लक्षात ठेवाव्यात. विचारताना मात्र आवाज चढवू नये. ओरडा बसला की मुले लपवायला शिकतात, आणि लपवण्याचे काम ते यंत्र आपल्यापेक्षा फार चांगले करते.

आणि एक विनंती आम्हा मोठ्यांसाठी, विश्वस्त मंडळींसह. आपल्या इंदुरात घरोघरी पाहुणचारात पानाचे तबक असते. त्याच तबकात तंबाखूची डबीही असते. वार्षिक सभेनंतर शाळेच्या आवारात ती डबी फिरताना मुलांनी पाहिली आहे. निकोटिन डबीतले काय आणि पॉडमधले काय, एकच. यंदाच्या सभेपासून पानाचे तबक राहू द्यावे, डबी तेवढी घरी ठेवावी. मुलांना चार गोष्टी सांगताना मग आमचा आवाज अडखळणार नाही.

तेव्हा गुणपत्रिका अशी. काम करण्यात पैकीच्या पैकी. सुरक्षिततेत नापास. वापरणाऱ्याच्या भल्यात शून्य. कुठलेही यंत्र हाती आले की ते चालते किती छान, एवढेच पाहून भुलू नये. ते कुणासाठी चालते, हेही विचारावे. विज्ञान शिकल्याचा एवढा उपयोग झाला, तरी आम्हाला पुष्कळ आहे.

आपले स्नेहांकित,
प्राचार्य