बिनव्याजी बेट

बँकेतल्या माणसाच्या आयुष्यात ३१ मार्च या तारखेला दिवाळीहून अधिक महत्त्व असते. एखाद्या वर्षी दिवाळी चुकते, वार्षिक ताळेबंद चुकत नाही. माझी अडतीस वर्षांची नोकरी नेमकी ३१ मार्च २०२० रोजी संपली. देशभर टाळेबंदी लागून जेमतेम आठवडा झाला होता. त्यामुळे निरोप समारंभ नाही, भाषणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही. तोंडाला रुमाल बांधून मी किल्ल्या सोपवल्या, शेवटची सही केली आणि रिकाम्या रस्त्याने स्कूटरवरून घरी आलो. दारातच आठ वर्षांची नात ओरडली, “आजोबा, आधी हात धुवा! तुमचा तंबू लावलाय बेटावर. पण कर्ज झालंय!”

आयुष्यभर कर्जे मंजूर केलेला मी निवृत्त झालो त्याच दिवशी कर्जदार झालो.

भाचीने सिंगापूरहून आणलेल्या निन्टेंडोच्या यंत्रावर मुलाने नुकताच एक नवा खेळ उतरवून घेतला होता. त्याचे नाव ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’. तो २० मार्च २०२० रोजी जगभर विक्रीला आला आणि माझ्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत, म्हणजे अवघ्या बारा दिवसांत, त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. पुढे हा आकडा चार कोटींच्या वर गेला. व्हिडिओ गेम म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे बंदुका आणि फुटणाऱ्या मोटारी यायच्या. इथे तसले काही नव्हते. एक निर्जन बेट, त्यावर तंबू ठोकून राहणारे तुम्ही आणि शेजारी म्हणून बोलणारे प्राणी. कोणी मांजर, कोणी बदक, कोणी घोडा. मासे पकडायचे, फळे तोडायची, जमिनीत पुरलेले जीवाश्म खणून संग्रहालयाच्या घुबडाला नेऊन द्यायचे. संध्याकाळ झाली की शेजाऱ्याशी चार शब्द बोलून घरी यायचे. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही आणि खेळ संपतही नाही.

“मग यात करायचं काय?” मी विचारले.

“राहायचं,” नात म्हणाली.

कर्जाचे प्रकरण मात्र मी बारकाईने तपासले. कर्ज देणारा टॉम नुक हा तानुकी, म्हणजे रॅकूनसारखा दिसणारा पण कुत्र्याच्या कुळातला एक जपानी प्राणी. तंबूचे ४९,८०० बेल (हे तिथले चलन) फेडून झाले, की तो पक्के घर सुचवतो आणि ९८,००० बेल नावे टाकतो. तारण नाही, जामीनदार नाही, हप्ता नाही, मुदत नाही आणि व्याज तर औषधालाही नाही. जमेल तेव्हा जमेल तेवढे आणून द्या. अडतीस वर्षांत असा सावकार मी पाहिला नव्हता. बोलणारे मांजर मी एक वेळ मान्य करीन, पण मुदत नसलेले कर्ज? या खेळातली खरी अद्भुतरम्यता तीच आहे, असे माझे व्यावसायिक मत आहे.

अर्थात, तिथली बँकही अगदीच साधीभोळी नव्हती. ठेवींवर ती व्याज देई. काही हुशार मंडळींनी यंत्राचे घड्याळ पुढे ढकलून वर्षांचे व्याज मिनिटांत खिशात घालायला सुरुवात केली, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये बँकेने व्याजदर एकदम खाली आणला. आपल्या रिझर्व्ह बँकेने २७ मार्चलाच रेपो दर पाऊण टक्क्याने उतरवला होता. बाहेरही तेच, बेटावरही तेच!

या खेळाचा आत्मा त्याच्या घड्याळात आहे. आपल्या भिंतीवर जी वेळ, तीच बेटावर. इथे रात्र झाली की तिथे दुकान बंद. डिसेंबरात बर्फ पडते, मग तुम्ही पुण्यात पंखा लावून बसलेले का असेना. शनिवारी संध्याकाळी एक पांढरा कुत्रा गिटार घेऊन गातो. रविवारी पहाटेपासून दुपारी बारापर्यंत एक डुकरीण सलगम विकायला येते. साधारण शंभर बेलला एक घ्यायचा आणि आठवड्यात दुकानदाराला विकायचा. भाव दिवसातून दोनदा बदलतो आणि पुढच्या रविवारपर्यंत विकला नाही तर माल सडतो. जपानी भाषेत ‘काबु’ या उच्चाराचे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ सलगम, दुसऱ्याचा कंपनीचा समभाग. हा श्लेष कळल्यावर मी हसलो आणि दुसऱ्या आठवड्यात तोट्यात गेलो.

घाई करून इथे काही मिळत नाही. आज लावलेले रोप आज फळ देत नाही, उद्याची वाट पाहावीच लागते. टाळेबंदीत सगळे जग उद्याला घाबरत होते, तेव्हा आमच्या घरात एक पोरगी ‘उद्या झाडाला पेअर येणार’ म्हणून आनंदाने झोपी जात होती.

मग या खेळाचा कर्ता कोण, याचा मी शोध घेतला आणि तिथे मात्र थबकलो. कात्सुया एगुची हे त्यांचे नाव. टोकियोशेजारच्या चिबा प्रांतातला हा तरुण १९८६ साली निन्टेंडोत नोकरीला लागला आणि त्यासाठी दूर क्योटोला राहायला गेला. घरचे आणि मित्र मागे राहिले. त्यांच्याजवळ असणे, त्यांच्याशी बोलणे, खेळणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे त्याला तिथे उमगले. पुढे स्वतःचा संसार झाल्यावरही कामावरून परतायला उशीर व्हायचा. घरातली माणसे एकाच वेळी एकत्र बसू शकत नसतील, तर निदान एकाच गावात वेगवेगळ्या वेळी येऊन-जाऊन राहू शकतील का? या प्रश्नातून १४ एप्रिल २००१ रोजी जपानमध्ये या मालिकेचा पहिला खेळ आला. त्या गावात माणसांसाठी चार घरे होती, पण खेळता येई एका वेळी एकालाच. मुलाने दुपारी चिठ्ठी ठेवायची, बापाने रात्री ती वाचायची.

हे वाचले आणि मला माझे १९९३ ते १९९९ हे दिवस आठवले. तेव्हा मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. कुटुंब पुण्यात, मुलाच्या शाळेसाठी. शनिवारी अर्धा दिवस संपवून एसटी पकडायची, रात्री घरी पोचायचे, तोवर मुलगा झोपलेला. सोमवारी पहाटे निघायचे, तेव्हाही झोपलेलाच. मध्ये काय तो एक रविवार. त्यातही संध्याकाळ झाली की तो विचारी, “बाबा, उद्या जाणार?” मी त्याच्या कंपासपेटीत एक चिठ्ठी ठेवून जात असे. कधी एखादे कोडे, कधी चित्र. त्या चिठ्ठ्या तो वाचायचा की नाही, हे मी कधी विचारले नाही.

एका यंत्रात एकच बेट असते, त्यामुळे आम्हा तिघांची घरे शेजारी-शेजारी झाली. मला पहाटे पाचला जाग येते, म्हणून पहिली पाळी माझी. नातीची दुपारची आणि घरूनच ऑफिस चालवणाऱ्या मुलाची मध्यरात्रीची. घर एकच, पण तो खोलीचे दार लावून दिवसभर मीटिंगमध्ये. मी त्याच्या बेटावरच्या दारापुढे पहाटे पकडलेला मासा ठेवू लागलो. तो माझ्या दारापुढे फळे ठेवू लागला. बेटावर एक सूचनाफलक आहे. नवा निरोप असला की त्यावर छोटा पक्षी येऊन बसतो. मे महिन्यातल्या एका पहाटे तो बसलेला दिसला. यंत्रात देवनागरी नसल्यामुळे मुलाने रोमन अक्षरांत मराठी लिहिले होते, “बाबा, उद्या येणार?”

मी बराच वेळ तिथेच उभा होतो. मग त्याखाली लिहिले, “येणार.” त्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही दोघेही त्यावर काही बोललो नाही. फक्त तो उठता उठता म्हणाला, “कोड्यांच्या चिठ्ठ्या आहेत अजून माझ्याकडे.”

कोणी म्हणेल, ही सगळी पळवाट आहे. थोडी आहेच. त्या बेटावर कोणी आजारी पडून दगावत नाही. मी वसुलीसाठी माणसांच्या अंगणात उभा राहिलेलो आहे. घरची बाई पाण्याचा तांब्या पुढे करते आणि तुम्ही खिशातली नोटीस चाचपत असता, तो क्षण कुठलाही खेळ दाखवणार नाही. पण हा शांत दिवस मला सर्वस्वी खोटा वाटत नाही. शेजाऱ्याची विचारपूस, झाडाला पाणी, दारात ठेवलेला वानवळा, यात अद्भुत काय आहे? हे सगळे आपल्याकडे होते, फक्त त्याला वेळ द्यायचा राहून गेला. एगुचींना ते क्योटोत गेल्यावर कळले. मला कळायला साठी उलटावी लागली.

२०२३ मध्ये मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला. सून आणि नातही गेल्या. नातीने स्वतःसाठी नवे यंत्र घेतले आणि जुने माझ्याकडे ठेवले. “बेट हलवू नका, आजोबा,” एवढेच बजावले. महिनाभर फिरकले नाही तर बेटावर तण माजते, घरात झुरळे होतात, आपले केस विस्कटलेले दिसतात आणि शेजारी विचारतात, इतके दिवस होतात कुठे? म्हणून मी जातो. माझ्या दारापुढचे तण उपटतो, मग मुलाच्या दारापुढचे उपटतो. दिवाळीला तो येतो तेव्हा रात्री उशिरा त्याच्या खोलीत उजेड दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारापुढे फळे असतात.

असो. आज रविवार. लेख इथेच थांबवतो, कारण बारा वाजायला वीस मिनिटे उरली आहेत आणि बेटावरची डुकरीण कोणासाठी थांबत नाही. मागच्या आठवड्याचा तोटा भरून काढायचा आहे. टॉम नुकचे कर्जही अजून बाकी आहे. त्याची काही घाई नाही.